कोंदट खोली आणि हवेतून पसरणारे आजार

गोवराचा रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही त्याच्या श्वासातले विषाणू तिथल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात. तेवढ्यात कोणी आत आलं, तर रुग्णाचं तोंडही न पाहता त्याला लागण होऊ शकते. क्षय, कोविड आणि फ्लूही हवेतून पसरतात. बोलताना, गाताना, खोकताना उडणारे मोठे थेंब लगेच खाली बसतात. अतिसूक्ष्म तुषार मात्र धुरासारखे खोलीभर तरंगत राहतात. बंद खोलीत म्हणूनच नुसतं अंतर राखून भागत नाही.

1950च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत बाल्टिमोरमध्ये रिचर्ड रायली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा नळ्यांमधून गिनी पिगच्या पिंजऱ्यांपर्यंत नेली. रुग्णांशी त्या प्राण्यांचा दुसरा कसलाही संबंध नव्हता, तरी त्यांना क्षयाची लागण झाली. ज्यांना तीच हवा अतिनील किरणांखालून नेऊन दिली, ते बचावले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण हवेतून रोग पसरतो हे तर त्यातून कळलंच, शिवाय हवा निर्धोक करता येते हेही कळलं.

सगळ्यात सोपा उपाय म्हणजे समोरासमोरची दारं-खिडक्या उघडणं. एकच खिडकी असेल तर एक्झॉस्ट पंखा लावा. स्प्लिट एसीवर मात्र विसंबू नका. बहुतेक स्प्लिट एसी आतलीच हवा गार करून पुन्हा आत सोडतात. खोली थंड होते, हवा तीच राहते.

हवा किती खेळती असावी? खोलीत मावते तेवढी स्वच्छ हवा तासाला किमान 5 वेळा मिळावी, असं अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने 2023 मध्ये सुचवलं. घरी हे मोजणं कठीण, पण कार्बन डायऑक्साइडचा छोटा मीटर अंदाज देतो. बाहेरच्या हवेत हा वायू साधारण 420 पीपीएम (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग) असतो, आपल्या उच्छ्वासात सुमारे 40,000. माणसांनी भरलेल्या खोलीत आकडा 800च्या वर चढू लागला, की आपण एकमेकांचा उच्छ्वास आत घेतोय असं समजावं.

बाहेर धूर-धूळ असेल, खिडकी उघडता येत नसेल, तर हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर कामाला येतो. हा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 99.97 टक्के कण अडवतो. कार्बन डायऑक्साइड मात्र तो अडवत नाही, त्यामुळे मीटरवरचा आकडा उतरला नाही म्हणून प्युरिफायर बंद करू नका. ओझोन सोडणारी ‘हवा शुद्ध करणारी’ यंत्रं घेऊच नका; ओझोन फुप्फुसांना घातक असतो.