जुनाट एचआयव्ही संसर्ग : पेशींचं मरण आणि न विझणारा दाह

एचआयव्हीची लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, घसादुखी असं काहीतरी येऊन जातं (बऱ्याच जणांना तेही जाणवत नाही) आणि मग जो लांबलचक शांत काळ सुरू होतो त्याला जुनाट किंवा क्रॉनिक संसर्ग म्हणतात. औषधं घेतली नाहीत तर हा काळ साधारण ८ ते १० वर्षं चालतो. माणूस नोकरीला जातो, विरार लोकलमध्ये उभ्याने प्रवास करतो, घरच्यांना सोडाच त्याला स्वतःलाही काही कळत नाही, पण ही शांतता फक्त बाहेरून असते, आत रोज सीडी४ पेशी (प्रतिकारशक्तीला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, एचआयव्ही यांच्यातच शिरतो) मरतात, रोज नव्या तयार होतात आणि हळूहळू मरणाऱ्यांचा आकडा वरचढ होत जातो. निरोगी माणसाच्या रक्तात एका घन मिलिमीटरला साधारण ५०० ते १५०० सीडी४ पेशी असतात, २०० च्या खाली गेल्या की एड्सचा टप्पा धरतात.

विषाणू पेशीत शिरतो आणि तिला मारतो, एवढंच आपल्याला शाळेपासून माहीत असतं. खरं तर मरणाऱ्या पेशींपैकी ज्यांच्यात विषाणूची नवी पिल्लं तयार होतायत अशा फार थोड्या असतात, बाकीच्या नुसत्या आजूबाजूच्या असतात. त्या का मरतात हे कोडं बरीच वर्षं होतं. २०१३ च्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लॅडस्टोन संस्थेतल्या वॉर्नर ग्रीन यांच्या गटाने टॉन्सिल आणि प्लीहेच्या पेशींवर प्रयोग करून त्याचं बरंचसं उत्तर दिलं. विषाणू आराम करत असलेल्या सीडी४ पेशीत शिरतो, स्वतःची डीएनए प्रत काढायला घेतो आणि मधेच अडकतो, त्या अर्धवट तुकड्यांचा पेशीतल्या आयएफआय१६ नावाच्या प्रथिनाला सुगावा लागतो, त्यातून कॅस्पेस-१ हे एन्झाइम जागं होतं आणि पेशी फुगून फुटते. या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात. त्या प्रयोगांत मेलेल्या पेशींपैकी ९५ टक्क्यांच्या आसपास अशाच मेल्या होत्या, गुपचूप आवरून जाणाऱ्या अपोप्टोसिसचा वाटा अगदी कमी होता. म्हणजे पेशी विषाणूला थांबवण्यासाठी जीव देते खरी, पण फुटताना इंटरल्युकिन-१ बीटासारखी दाह (म्हणजे इन्फ्लमेशन) वाढवणारी रसायनं सांडते, त्या वासावर आणखी सीडी४ पेशी तिथे येतात आणि त्याही सापडतात. मरणातून दाह आणि दाहातून पुन्हा मरण, हे चक्र समजलं की या आजाराचं बाकीचं सगळं कळायला सोपं जातं.

सगळ्यात मोठं नुकसान आतड्यात होतं, तेही पहिल्या काही आठवड्यांतच. शरीरातल्या बऱ्याचशा सीडी४ पेशी आतड्याच्या अस्तरात राहतात आणि त्यातल्या टीएच१७ पेशी ते अस्तर धड ठेवायचं काम करतात. त्या गेल्या की पावसाळ्यात जुन्या चाळीच्या भिंतीतून ओल झिरपावी तसे आतड्यातल्या बॅक्टेरियांचे तुकडे रक्तात झिरपायला लागतात. २००६ मध्ये ब्रेंचली आणि डूएक या संशोधकांनी रुग्णांच्या रक्तात हे तुकडे वाढलेले असतात हे दाखवलं. प्रतिकारशक्तीला वाटतं की कायमच इन्फेक्शन चालू आहे, मग मोनोसाइट, मॅक्रोफेज या जंतू गिळणाऱ्या पेशी चोवीस तास खवळलेल्या राहतात, रक्तात आयएल-६, सीआरपी, डी-डायमर या दाहाच्या आणि रक्त गोठण्याच्या खुणा वाढतात. लिम्फ नोडमध्ये, म्हणजे गळ्यातल्या, काखेतल्या गाठींमध्ये, या सततच्या दाहाने कोलॅजनचे धागे साचतात आणि पेशींना जगायला लागणारं आयएल-७ नावाचं रसायन त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही, त्यामुळे विषाणूने हातही न लावलेल्या कोवळ्या टी पेशी (सीडी४, सीडी८ या त्यातल्याच) नुसत्या उपासमारीने मरतात. लागण झालेल्या पेशी मारणाऱ्या सीडी८ पेशींवर पीडी-१ या प्रथिनाची खूण वाढते आणि त्या थकून जातात. मॅक्रोफेज मात्र चिवट, आत विषाणू घेऊनही बराच काळ जगतात.

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरची रोजची औषधं, सुरू केली की विषाणू दबतो, सीडी४ वाढतात, व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) मशीनला सापडेनासा होतो आणि तसा तो राहिला तर जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही. हे फार मोठं यश आहे आणि त्यात मुंबईचा हात आहे, २००१ मध्ये इथल्याच सिप्ला या औषध कंपनीने तीन औषधांचा कोर्स दिवसाला एका डॉलरहून कमी किमतीत द्यायची तयारी दाखवली आणि जगभरचे भाव कोसळले. २००४ पासून जेजे हॉस्पिटलमध्ये सरकारी एआरटी फुकट मिळायला लागली, आता सायन, केईएम, नायरलाही सेंटर आहेत. २०१७ पासून देशात सीडी४ कितीही असो, पॉझिटिव्ह आला की औषध सुरू करतात.

दाह मात्र एआरटीने कमी होतो, पूर्ण जात नाही. लपून बसलेल्या पेशींमधला विषाणू, न भरलेलं आतडं, सोबत शरीरात दडून असलेला सीएमव्ही नावाचा दुसरा विषाणू, सगळ्यांचा थोडा थोडा वाटा. म्हणून लोड सापडत नसलेल्या माणसालाही हार्ट अटॅकचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. गोळ्या मधे सोडल्या तर काय होतं हे ५,४७२ लोकांवरच्या ‘स्मार्ट’ नावाच्या औषध-चाचणीने २००६ मध्ये स्पष्ट दाखवलं, सीडी४ बघून औषध बंद-चालू करणाऱ्यांमध्ये मृत्यू किंवा संधिसाधू आजाराचा (प्रतिकारशक्ती कमी झाल्यावर गाठणाऱ्या आजाराचा) धोका २.६ पट निघाला, आणि हृदय, किडनी, लिव्हरचे आजारही वाढले, जे कोणाला अपेक्षितच नव्हतं. गावी जाताना महिनाभराच्या गोळ्या मागून घ्या असं सेंटरवर पुन्हा पुन्हा सांगतात ते यासाठीच. २०२३ मध्ये ‘रिप्रीव्ह’ नावाच्या चाचणीत रोज पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) घेणाऱ्या एचआयव्हीग्रस्तांमध्ये हृदयाच्या मोठ्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या, त्यामुळे बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल तपासणं आणि तंबाखू सोडणं हाही या उपचाराचाच भाग धरायला हवा.

मुंबईत यात टीबीची भर पडते. दाटीच्या वस्तीत झोपलेला टीबी अनेकांच्या फुप्फुसात असतो, त्याला कोंडून ठेवणाऱ्या सीडी४ पेशी एचआयव्हीत लवकर जातात आणि तो जागा झाला की त्याचा दाह विषाणूलाही वाढायला मदत करतो. उलटा प्रकारही होतो, सीडी४ खूप कमी असताना एआरटी सुरू केली की नव्याने आलेल्या पेशी टीबीच्या जंतूंवर एकदम तुटून पडतात, ताप चढतो, गाठी सुजतात, आणि घरच्यांना वाटतं औषधानेच बिघडलं. याला आयरिस म्हणतात. म्हणून टीबीचं औषध आधी चालू करतात आणि मग काही आठवड्यांत एआरटी जोडतात, मेंदूच्या टीबीत आणखी थोडं थांबून, आणि आयरिस झालाच तर बहुतेक वेळा एआरटी बंद न करता गरजेप्रमाणे स्टेरॉइड देऊन तो काळ काढून नेतात.