बरोबरीचा एंडगेम इंजिनला कसा कळायला लागला

लातूर, परभणी, नांदेड, कुठंही जिल्ह्याची चेस स्पर्धा असू द्या, डाव संपला की लेकरं हॉलच्या बाहेर येतात, मोबाईलमध्ये शेवटची पोझिशन लावतात आणि इंजिन, म्हणजे चेस खेळणारा प्रोग्रॅम, काय म्हणतंय ते बघतात. मग पालकांचा प्रश्न ठरलेला: सर, इंजिन तर आमच्या पोराला प्लस दोन दाखवायलंय, मग ह्यानं ड्रॉ काहून घेतला? प्रश्न रास्त आहे. स्क्रीनवरचा आकडा म्हणजेच निकाल असं आपण सगळेच धरून चालतो, पण हा आकडा पहिल्यांदा मांडला गेला तेव्हा त्यात बरोबरीला नीट जागाच नव्हती, ती नंतर कित्येक वर्षं थोडी थोडी करून बसवावी लागली आणि आजही ती पूर्ण बसलीय असं मला वाटत नाही.

आकड्याचं मूळ अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांच्याकडं जातं. कॉम्प्युटरला चेस कसं शिकवायचं यावरचा त्यांचा पेपर १९५० ला छापून आला. त्यात हिशेब असा होता की वजीर ९, हत्ती ५, उंट आणि घोडा ३-३, प्यादं १, आणि राजाला २०० म्हणजे तो गेला की सगळं गेलं. एकाच फाइलवर (उभ्या रांगेत) आलेली दोन प्यादी, एकटं पडलेलं प्यादं, मागं राहिलेलं प्यादं यांचा अर्धा-अर्धा गुण कापायचा आणि चालायला जितक्या चाली मोकळ्या तितके ०.१ वाढवायचे. पांढऱ्याच्या बेरजेतून काळ्याची बेरीज वजा केली की आकडा तयार. शॅनननी स्वतःच हा कच्चा नमुना म्हणून दिला होता पण पुढची पन्नास-साठ वर्षं जवळपास सगळी इंजिनं ह्याच पद्धतीवर उभी राहिली, भर पडत गेली तेवढीच.

मिडलगेमला हे बऱ्यापैकी चालतं, कारण पट भरलेला असतो आणि ज्याचं बळ जास्त त्याचं सहसा खरं होतं. एंडगेमला, म्हणजे थोडेच मोहरे उरलेल्या शेवटच्या टप्प्याला, मात्र ह्या बेरजेचा पार बोजवारा उडतो. दोन घोडे आणि राजा विरुद्ध नुसता राजा, बेरीज प्लस सहा, आणि समोरच्यानं स्वतःहून चूक केल्याशिवाय मात होतच नाही.

ह्याहून चांगलं उदाहरण म्हणजे चुकीच्या रंगाचा उंट. पट असेल तर लावूनच बघा. पांढऱ्याकडं राजा, एच फाइलवरचं प्यादं आणि पांढऱ्या घरांतून फिरणारा उंट. काळ्याकडं फक्त राजा, पण तो कोपऱ्यात एच८ ला पोचलेला. बेरीज म्हणते प्लस चार. आता जिंकून दाखवा. एच८ हे घर काळं, आपला उंट पांढऱ्या घरांचा, म्हणजे त्या कोपऱ्यावर त्याचा जोर कधीच लागणार नाही. काळा राजा एच८ वरून जी८, जी८ वरून परत एच८ असं करत बसतो. जी८, जी७ आणि एच७ तिन्ही बंद केली तर त्याला चालायला घरच उरत नाही, शह नाही म्हणून स्टेलमेट, म्हणजे बरोबरी, आणि बंद नाही केली तर तो जागचा हलत नाही. प्यादं पुढं ढकलून बघा, उंट आडवा लावून बघा, काही होत नाही. आमच्याकडची दहा-अकरा वर्षांची लेकरं हे एकदा दाखवलं की कायमचं लक्षात ठेवतात. जुन्या इंजिनला मात्र हे आपोआप कळायचा काही मार्गच नव्हता, ते प्यादी मारामारी करून खुशीनं ह्याच पोझिशनमध्ये यायचं, कारण बेरजेत ते चार गुणांनी पुढं होतं ना.

यावर पहिला उपाय प्रोग्रॅमर लोकांनी केला तो साधा होता, अपवाद हातानं लिहायचे. चुकीच्या रंगाचा उंट आणि कडेचं प्यादं दिसलं, समोरचा राजा कोपऱ्यात पोचतोय, तर आकडा शून्य कर. दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगाचे आणि बाकी फक्त प्यादी, तर आकडा खाली आण, कारण तिथं दोन प्यादी जास्त असूनही डाव बरोबरीत सुटतो. हत्ती-प्यादं विरुद्ध हत्ती असेल तर फिलिडोरचा तिसऱ्या रांगेतला बचाव (हत्ती त्या रांगेत ठेवून समोरच्या राजाला पुढं येऊ न देणं) ओळख. स्टॉकफिश ह्या इंजिनमध्ये हे काम फार नीटनेटकं केलेलं होतं. नेहमीच्या पोझिशनला ६४ चा गुणक, म्हणजे आकडा पूर्ण धरायचा, आणि बरोबरीचा संशय जितका जास्त तितका तो खाली, अगदी शून्यापर्यंत. राजा-प्यादं विरुद्ध राजा ह्या एंडगेमचा तर पूर्ण निकालच फक्त २४ किलोबाइटात बसवलेला होता, इंजिन चालू झालं की तो तिथल्या तिथं तयार व्हायचा. मला आजही हे लिखाण आवडतं, कारण त्यात शेकडो वर्षांची माणसाची एंडगेमची समज ओळीओळीनं उतरवलेली होती. पण अडचणही तीच होती. माणसाला जेवढं माहीत तेवढंच इंजिनला माहीत, आणि माणसाला जे चुकीचं माहीत तेही इंजिनला जसंच्या तसं.

दुसरा रस्ता एकदम वेगळा, आणि माझ्या मते ह्या सगळ्या इतिहासातला सगळ्यात सुंदर भाग तोच. पुढं विचार करायचाच नाही, मागून यायचं. रिचर्ड बेलमन यांनी १९६५ ला ही कल्पना मांडली आणि थॉमस श्ट्रोलाइन यांनी १९७० च्या आपल्या प्रबंधात काही छोटे एंडगेम खरंच सोडवून दाखवले. समजा दोन राजे आणि एक हत्ती. प्रत्येक मोहरा ६४ घरांपैकी कुठंही, चाल दोघांपैकी कुणाचीही, म्हणजे सगळ्या मिळून सव्वापाच लाखाच्या आत पोझिशन. त्यातल्या ज्या सरळ मात आहेत त्या आधी खुणावायच्या. मग एक चाल मागं यायचं, जिथून पांढरा अशी मात करू शकतो त्या सगळ्या पोझिशन जिंकलेल्या. अजून एक चाल मागं, जिथं काळ्यानं काहीही केलं तरी तो जिंकलेल्या पोझिशनमध्येच जाऊन पडतो त्या हरलेल्या. असं मागं-मागं येत राहायचं, नवीन खूण पडायची थांबेपर्यंत. धान्य चाळून झाल्यावर चाळणीत जे उरतं तशा शेवटी ज्या पोझिशनवर कुठलीच खूण नाही त्या सगळ्या बरोबरीच्या. म्हणजे इथं बरोबरी कुणी ठरवत नाही, मोजत नाही, अंदाजही बांधत नाही, जिंकणं आणि हरणं संपल्यावर जे शिल्लक राहतं ती बरोबरी. ह्या कोष्टकांना टेबलबेस म्हणतात.

ह्याचा पहिला मोठा धक्का माणसांना बसला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी. बेल लॅबचे केन थॉम्पसन (युनिक्स ही कॉम्प्युटर प्रणाली बनवणारे, तेच) यांनी वजीर विरुद्ध हत्तीचं टेबलबेस बनवलं आणि अमेरिकेचे ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राऊन यांना पैज लावून वजीर दिला. पुस्तकात हा एंडगेम वजिरासाठी सोपा म्हणून लिहिलेला, अचूक खेळलं तर ३१ चालींचं काम. कॉम्प्युटरनं हत्ती असा काही चालवला की ब्राऊनना ५० चालींत जिंकता आलं नाही. ते घरी गेले, अभ्यास केला, परत बसले आणि दुसऱ्या वेळी बरोब्बर पन्नासाव्या चालीला काम केलं. मग १९८३ ला थॉम्पसनच्याच कामातून दोन उंट विरुद्ध एक घोडा हा एंडगेम बाहेर आला. १८५१ पासून पुस्तकं सांगत होती की घोडेवाल्याकडं एक पक्की बचावाची जागा आहे आणि डाव बरोबरी. टेबलबेस म्हणालं, नाही, बहुतेक ठिकाणी उंट जिंकतात, फक्त काही वेळा ६६ चाली लागतात. सव्वाशे वर्षांवर जे बरोबरी म्हणून शिकवलं ते बरोबरी नव्हतंच.

आता ६६ चाली म्हटलं की ५० चालींचा नियम मधे येतो. ५० चालींत कुणी मोहरा मारला नाही, प्यादं हललं नाही, तर डाव बरोबरी मागता येते. फिडेनं (जागतिक चेस संघटनेनं) मधल्या काळात काही एंडगेमपुरती ही मर्यादा वाढवली होती पण १९९२ ला परत सरसकट ५० वर आणली, आणि माझ्या मते बरंच केलं, नाहीतर आपल्याकडच्या स्पर्धांत एकेका डावाला आर्बिटर (पंच) रात्रीपर्यंत बसले असते. पण त्यामुळं इंजिनपुढं नवीन भानगड उभी राहिली: पट म्हणतो जिंकलंय, नियम म्हणतो बरोबरी. १९९० च्या दशकात युजीन नालिमोव यांची टेबलबेस सगळीकडं पसरली, ती मात किती चालींवर आहे ते सांगायची, पण ५० चालींचं भान त्यांना नव्हतं. २०१२ ला मॉस्को विद्यापीठाच्या लोमोनोसोव नावाच्या सुपरकॉम्प्युटरवर सात मोहऱ्यांपर्यंतचे एंडगेम सोडवले, त्यात सगळ्यात लांब मात ५४९ चालींची निघाली, म्हणजे प्रत्यक्ष स्पर्धेत काही कामाची नाही. ही गाठ सोडवली रोनाल्ड डी मान यांच्या सिझिजी टेबलबेसनं, २०१३ ला. त्यात तीनऐवजी पाच प्रकारचे निकाल धरले: विजय, हार, सरळ बरोबरी, आणि मधे दोन, नियमामुळं हातातून जाणारा विजय आणि नियमामुळं वाचलेली हार. शिवाय आकारही आटोपशीर, सहा मोहऱ्यांपर्यंतचं सगळं साधारण १५० जीबीत, जे घरच्या कॉम्प्युटरवर ठेवता येतं. सात मोहऱ्यांचं २०१८ ला झालं पण ते १७-१८ टीबीच्या घरात जातं. लिचेस ह्या वेबसाइटवर ते फुकट बघता येतं, दोन्हीकडचे राजे धरून सात किंवा कमी मोहरे उरले की तिथला निकाल अंदाज नसतो, पक्का असतो. पालकांनी ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी बाहेरच्या निम्म्या चर्चा मिटतील.

सातच्या वर मात्र परत अंदाजच. आणि तिथं दोन शून्यांचा घोळ सुरू होतो. एक ०.०० म्हणजे डाव मेलाय, दोघांकडं करण्यासारखं काही नाही. दुसरा ०.०० म्हणजे एकाच बारीक वाटेनं बरोबरी आहे, एक चाल चुकली की संपलं. इंजिन दोन्हीला तोच आकडा देतं. १९९७ ला न्यूयॉर्कमध्ये डीप ब्लू ह्या कॉम्प्युटरविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारोवनी डाव सोडला, आणि नंतर लोकांनी विश्लेषण केलं तर वजिरानं शह देत राहून बरोबरी मिळत होती असं दिसलं. मशीन पुढं आहे म्हणजे तिनं सगळं बघितलंच असणार ह्या विश्वासानं जगज्जेत्यालाही पट पूर्ण तपासू दिला नाही.

हातानं लिहिलेले ते अपवाद आता राहिले नाहीत. सप्टेंबर २०२० ला स्टॉकफिश १२ मध्ये न्यूरल नेटवर्क आलं (मूळ युक्ती यू नासू यांची, जपानी शोगी खेळासाठी केलेली) आणि २०२३ ला जुनं हातानं लिहिलेलं मूल्यमापन कोडमधून काढूनच टाकलं. नेटवर्कला चुकीच्या रंगाच्या उंटाचा नियम कुणी सांगितलेला नाही, अब्जावधी पोझिशन बघून त्यानं स्वतः ओळखलं. त्यातच एक साधी तजवीज चालू ठेवली, ५० चालींचा काउंटर जसा पुढं सरकेल तसा आकडा हळूहळू शून्याकडं आणायचा, म्हणजे नुसतं इकडून तिकडं फिरत बसण्यापेक्षा काहीतरी करून बघावं असं इंजिनलाच वाटावं.

तरीपण किल्ला, म्हणजे आत बसून राहिलं तर समोरच्याला शिरताच येत नाही अशी पोझिशन, हे इंजिनचं आजही दुखणं आहे. २०१७ ला पेनरोज इन्स्टिट्यूटनं एक पोझिशन लोकांपुढं ठेवली. काळ्याकडं वजीर, दोन हत्ती आणि तीन उंट, पांढऱ्याकडं फक्त राजा आणि प्यादी. त्यावेळची इंजिनं काळा प्रचंड पुढं म्हणून सांगत होती. माणूस बघतो की तिन्ही उंट काळ्याच घरांतून फिरणारे, वजीर-हत्ती प्यादांच्या भिंतीत अडकलेले, पांढऱ्या राजानं पांढऱ्या घरांवर फिरत राहायचं, झाली बरोबरी. माणसाला हे दिसतं कारण तो विचारतो की हा शिरणार कुठून, आणि इंजिन चाली मोजत बसतं, मोजण्यासारखं संपत नाही आणि शेवट तर दिसत नाही.

आणि उलट बाजूही आहे. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाच्या लढतीत गुकेश विरुद्ध डिंगचा चौदावा, शेवटचा डाव. गुकेशकडं एक प्यादं जास्त, दोघांकडं हत्ती आणि उंट. इंजिन बरोबरीच्या आसपासच, सगळे टायब्रेकची तयारी करायलेत. पंचावन्नाव्या चालीला डिंगनी हत्ती एफ२ वर आणून अदलाबदल मागितली. त्यांचा उंट कोपऱ्यात ए८ ला होता, गुकेशनं हत्ती मारले आणि उंट डी५ वर उभा केला, आता उंटांची मारामारी टळत नाही आणि उरलेला प्याद्यांचा एंडगेम सरळ हरलेला. ५८ व्या चालीनंतर डिंगनी डाव सोडला. गुकेश तासनतास त्या बरोबरीच्या पोझिशनमध्ये जोर लावत बसला होता, आणि तो जोर ०.०० मध्ये कुठंच दिसत नव्हता.

हे इंजिनवाल्यांच्याही लक्षात आलेलं आहे. लीला नावाचं इंजिन एका आकड्याऐवजी विजय, बरोबरी, हार यांची वेगवेगळी शक्यता देतं. स्टॉकफिशनं डिसेंबर २०२२ च्या १५.१ मध्ये आकड्याचा अर्थच बदलला, प्लस एक म्हणजे एक प्यादं पुढं असा हिशेब आता राहिला नाही, प्लस एक म्हणजे इंजिन स्वतःशीच खेळलं तर जिंकायची शक्यता निम्मी. म्हणजे उरलेली निम्मी बहुतेक बरोबरीच, हे नीट वाचा. लॅपटॉपवर स्टॉकफिश असेल तर सेटिंगमध्ये हे तीन आकडे दाखवायचा पर्याय आहे, लेकरांना तो चालू करून द्या, पण आधी पटावर ती पोझिशन दोन्ही बाजूंनी एकदा खेळून झाल्यावर.