झीज नेमकी मधोमध का होते?

जुन्या मोटारीचं स्टिअरिंग ढिलं झालं की बहुतेकांचा हात आधी स्टिअरिंग बॉक्सवरच्या ॲडजस्टिंग स्क्रूकडे जातो. स्क्रू थोडा पिळला की प्ले, म्हणजे सांध्यांतली मोकळी हालचाल, कमी होतो आणि सरळ रस्त्यावर गाडी एकदम हातात आल्यासारखी वाटते. मग पूर्ण वळण घ्यायची वेळ येते आणि स्टिअरिंग अडकतं. माझ्या मते जुन्या गाडीवर केलेली ही सगळ्यात धोकादायक ‘दुरुस्ती’ आहे.

स्टिअरिंग का अडकतं, हे बॉक्समध्ये डोकावल्यावर कळतं. १९२०-३०च्या दशकांतल्या बऱ्याच गाड्यांच्या बॉक्समध्ये स्टिअरिंगच्या दांड्याच्या टोकाला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर असतो आणि तो सेक्टरला, म्हणजे दातेरी चक्राच्या एका तुकड्याला, फिरवतो. गाडी बहुतांश वेळ सरळ धावते, त्यामुळे सेक्टरचे मधले एकदोन दातच सतत घासले जातात. जे. एफ. आर्चर्ड यांनी १९५३ साली मांडलेल्या सूत्रानुसार झीज ही दाब आणि घासण्याचं एकूण अंतर यांच्या प्रमाणात वाढते, तर धातू जितका कठीण तितकी ती कमी होते. दाब आणि अंतर दोन्ही मधल्या दातांच्याच वाट्याला येतात. कडेचे दात मात्र जवळजवळ नव्यासारखे राहतात. मधली फट मोजून स्क्रू पिळला, तर कडेच्या दातांना जागाच उरत नाही. गाडी बनवणाऱ्यांनाही हे ठाऊक होतं. म्हणून अनेक बॉक्स मुद्दाम मध्यभागी किंचित घट्ट बसतील असे घडवले जात.

काही जुन्या गाड्यांत सेक्टरऐवजी अख्खं दातेरी चक्र असतं. तिथे मोठीच सोय आहे: चक्र पाव फेरा फिरवून बसवलं की कधीच न वापरलेले दात मध्यभागी येतात. नवा भाग शोधण्याआधी बॉक्स उघडून हे जरूर पाहावं.

पण ढिलाई बॉक्समध्येच आहे हे ठरवायचं कसं? थोडं गणित करू. पिटमन आर्म (बॉक्समधून बाहेर येणारा, सेक्टरबरोबर फिरणारा दांडा) १५० मिमी लांब आहे आणि पुढच्या ड्रॅग लिंकच्या (आर्मची हालचाल चाकाकडे नेणाऱ्या दांड्याच्या) सांध्यात फक्त १ मिमी प्ले आहे असं समजा. आर्मच्या बाजूला तो जेमतेम ०.४ अंश होतो. बॉक्सचं गुणोत्तर १३:१ असेल, म्हणजे व्हील १३ अंश फिरल्यावर आर्म १ अंश फिरत असेल, तर स्टिअरिंग व्हीलवर तोच प्ले ५ अंशांचा होतो. ४३० मिमी व्यासाच्या व्हीलच्या कडेवर सुमारे १९ मिमी! फोर्ड मॉडेल टीमध्ये गिअर वर, स्टिअरिंग व्हीलच्या खालीच असत आणि सुरुवातीला गुणोत्तर फक्त ४:१ होतं. तिथे एवढीच ढिलाई हाताला फारच कमी जाणवेल, पण रस्त्यावरचं चाक तितकंच हलेल. म्हणून हाताच्या अंदाजावर विसंबू नये. चाकं जमिनीवर ठेवून एकाने स्टिअरिंग डावी-उजवीकडे हलवावं आणि दुसऱ्याने एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहावं. मग पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावं. हलत असेल तर कोणीतरी ब्रेक दाबून धरावा: प्ले गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा, राहिला तर बहुधा किंग पिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या उभ्या पिनभोवती वळतं तिचा.

किंग पिनची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सतत एका दिशेने फिरणारा शाफ्ट स्वतःभोवती तेलाचा पातळ थर ओढून घेतो आणि त्यावर तरंगतो. किंग पिनभोवती मात्र बुश (पिन ज्यात बसते ती धातूची नळी) थोडासा वळतो, थांबतो, उलट येतो. तेवढ्यात तो थर तयारच होत नाही. म्हणून तिथे कठीण पोलादी पिन आणि मऊ कांस्याचा बुश अशी जोडी असते, म्हणजे झिजायचं ते स्वस्त बुशने. ग्रीस द्यायचं राहिलं आणि धूळ आत गेली की उलटं घडतं. कण मऊ कांस्यात रुततात आणि पिनलाच कानशीसारखे खरवडतात. अशा वेळी नुसता बुश बदलून उपयोग नाही, पिनही नवी हवी. नवा बुश दाबून बसवताना किंचित आवळला जातो, म्हणून वरचा आणि खालचा बुश एकाच लांब रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, एका रेषेत रीम करावे. ग्रीसचं भोक जुळलंय ना, हे बुश दाबण्याआधीच पाहावं.

टाय रॉड (दोन्ही पुढची चाकं जोडणारा दांडा) आणि ड्रॅग लिंक यांच्या सांध्यांतल्या बॉलचंही तेच. ते सगळीकडे सारखे न झिजता एका बाजूला चपटे होतात. बॉल दाबून धरणारा प्लग आवळला तर एका कोनात घट्ट आणि दुसऱ्यात ढिले. तिथे बॉलच बदलावा.

स्टिअरिंग आर्म मात्र तापवून सरळ करू नये, की त्याच्यावर कामचलाऊ वेल्डिंग करू नये. तो फोर्जिंग करून, म्हणजे तापलेलं पोलाद ठोकून-दाबून, उष्णतेची प्रक्रिया देऊन घडवलेला असतो. उष्णतेने ती ताकद जाते आणि वेल्डच्या शेजारी ठिसूळ पट्टा तयार होऊ शकतो. जुना आर्म परत बसवण्याआधी त्याची चुंबकीय कणांची चाचणी करून घ्यावी. डोळ्यांना न दिसणारी भेग त्यात दिसते.

सगळं नवं बसलं की टो-इन, म्हणजे पुढची चाकं मागच्यापेक्षा पुढच्या बाजूला किती जवळ आहेत ते, पुन्हा मोजावं लागतं, कारण आधीचं माप जुन्या ढिलाईसकट लावलेलं असतं. दोन्ही टायरांच्या पुढच्या बाजूला, अॅक्सलच्या उंचीवर खुणा करून अंतर मोजा. मग त्याच खुणा मागे जाईपर्यंत गाडी पुढे ढकला आणि पुन्हा मोजा. रिम वाकडी असली तरी माप बिघडत नाही. गाडी मागे ढकलू नका, नाहीतर सांध्यांतली उरलीसुरली फट उलट बाजूला सरकते.