फुंकणी

आमचे काका-काकू कोपरखैरण्यात राहतात. साताऱ्याकडच्या कितीतरी माथाड्यांसारखी काकांची हयात वाशीच्या मसाला मार्केटात पोती वाहण्यात गेली. वर बिडी. त्यामुळे घरात सगळ्यांना काळजी काकांच्या फुप्फुसांची. धाप मात्र काकूला लागायची. एक जिना चढला की कठडा धरून उभी. "वय झालं" म्हणत दोन वर्षं गेली. मग एक्सरे काढला, तो स्वच्छ निघाला, आणि पुन्हा "वय झालं".

एक्सरे काही खोटं बोलत नव्हता. सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका अरुंद होत जाण्याचा आजार, सुरू होतो तो दोन मिलिमीटरहून बारीक श्वासनलिकांत, आणि त्या एक्सरेत दिसतच नाहीत. नळ्या अरुंद झाल्यात का, हे त्यांतून हवा किती झपाट्यानं बाहेर पडते त्यावरून कळतं. त्यासाठी स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून हवा मोजायची तपासणी.

छातीच्या डॉक्टरांनी आधी विचारलं, "गावी चूल किती वर्षं?" तीस. शेणी आणि तुरकाट्यांची. जन्मात बिडी न ओढलेल्या बायकांना सीओपीडी होतो, त्यामागे हा धूर मोठं कारण आहे. मग गॅलरीतल्या कबुतरांची चौकशी झाली. त्यांच्या विष्ठेच्या-पिसांच्या धुळीनं काहींच्या फुप्फुसांना सूज येते आणि पुढे ती ताठर होत जातात. काकूकडे कबुतरं नव्हती.

नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी. काकू म्हणाली, "ही तर फुंकणीच की!" टेक्निशियन मुलगी ओरडू लागली, "आजी, जोरात! अजून, अजून, थांबू नका!" पहिल्या दोन फुंका वाया गेल्या. पहिलीत काकू हसली, दुसरीत खोकली. ही तपासणी रुग्णानं जीव तोडून फुंकल्याशिवाय होत नाही, म्हणून ओरडणारी मुलगी यंत्राइतकीच महत्त्वाची.

छातीत मावणारी हवा मोजायचं यंत्र इंग्लंडच्या जॉन हचिन्सननं १८४६ साली मांडलं. पण पहिल्या सेकंदात किती हवा सुटते हे बघायची युक्ती फ्रान्समध्ये सुचली ती १९४७ साली. निरोगी माणूस एकूण हवेपैकी साधारण ७० ते ८० टक्के त्या एका सेकंदात बाहेर टाकतो. काकूची एकूण हवा १.९ लिटर, पहिल्या सेकंदाची १ लिटर. म्हणजे ५३ टक्के. नळ्या उघडणाऱ्या औषधाच्या पंपाचे (इन्हेलरचे) चार झटके देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायला लावलं. दम्यात नळ्या अशा वेळी बऱ्याचदा चांगल्याच उघडतात, पहिल्या सेकंदाचा आकडा २०० मिलिलिटरनं किंवा त्याहूनही वर जातो. काकूचा ८०नं हलला. फुप्फुसं ताठर झाली असती तर एकूण हवाच घटली असती, टक्केवारी फारशी पडली नसती. या तीन आकड्यांवरून आजाराची जात बरीचशी कळते. काकूचा सीओपीडी निघाला.

पुढे तीस मीटरच्या बोळात सहा मिनिटं चालवलं, बोटाला ऑक्सिमीटर. बसल्या जागी ऑक्सिजन ९६ टक्के होता, चालून ९१ झाला. बसवून मोजलेला ऑक्सिजन पुष्कळदा फसवतो तो असा. विश्रांतीतही तो ८८ किंवा खाली राहिला, तर घरी दिवसाचे किमान पंधरा तास ऑक्सिजन लावायची वेळ येते. काकूवर ती आलेली नाही.

पंप लिहून दिला आणि घरात रुसवे-फुगवे सुरू झाले. "पंपाची सवय लागते, गोळी द्या!" साल्ब्युटामॉल या नळ्या उघडणाऱ्या औषधाच्या पंपाच्या एका झटक्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं, गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम. म्हणजे वीस ते चाळीस पट, आणि तेही रक्तातून अंगभर फिरून मग फुप्फुसात. हा हिशेब मांडल्यावर काका गप्प झाले.

महिन्याभरानं डॉक्टरांनी काकूला पंप घेऊन दाखवायला सांगितलं. तिनं झटका मारला आणि सवयीनं फूंक बाहेर सोडली. औषधाचं धुकं टेबलावर. तीस वर्षं फुंकणीतून बाहेरच फुंकत आलेली ती. मग स्पेसर दिला, प्लास्टिकचा फुगीर डबा. आधी सगळा श्वास सोडायचा, डब्यात झटका, सावकाश आत ओढायचं, दहा आकडे श्वास धरायचा. आता काका शेजारी बसून मोठ्यानं आकडे मोजतात. पुढच्या सोमवारी त्यांच्या फुंकण्याचा नंबर आहे.