कास्बा म्हणजे कसबा नव्हे, आणि ऐत बेनहद्दू तर कास्बाही नव्हे

मोरोक्कोच्या दक्षिण भागाची सहल आखणाऱ्या माहितीपत्रकांत एक वाक्य हमखास आढळते: ‘ऐत बेनहद्दू येथील जगप्रसिद्ध कास्ब्यास भेट.’ मी ज्या सहलीबरोबर गेलो तिच्या पत्रकात ते होते, बसमधल्या मार्गदर्शकाने तेच पुन्हा ऐकवले, आणि घरी परतल्यावर आमच्यापैकी बहुतेकांनी त्याच नावाखाली नातेवाइकांना छायाचित्रे पाठवली. युनेस्कोने 1987 साली ही जागा जागतिक वारसा यादीत घेतली ती ‘ऐत बेनहद्दूचा क्सार’ म्हणून. क्सार आणि कास्बा ही एकाच वस्तूची दोन नावे नाहीत. हा नुसता शब्दांचा काथ्याकूट असता तर मी गप्प बसलो असतो. पण या दोहोंत गल्लत केली की माणूस तिथवर जाऊनही समोर काय आहे ते न पाहताच परत येतो.

मराठी माणसाची अडचण दुहेरी आहे, कारण कसबा हा शब्द आपल्या घरचा आहे. पुण्यातली कसबा पेठ, कोल्हापूरचा कसबा बावडा, जुन्या दप्तरांतले ‘मौजे’ आणि ‘कसबे’ ही सगळी परिचित मंडळी असल्याने बाजारपेठ आणि सरकारी ठाणे असलेले मोठे गाव म्हणजे कसबा, हे कोणी शिकवावे लागत नाही. शब्द मूळचा अरबी, फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्या शब्दातली सत्तेचे ठाणे ही कल्पना आपल्याकडे ठाणे असलेल्या गावाला चिकटली, तर मगरिबात, म्हणजे आफ्रिकेच्या वायव्येकडील अरबी जगात, ती ठाण्याच्या तटबंद इमारतीला चिकटली. त्यामुळे ‘कास्बा’ ऐकताच मराठी पर्यटकाच्या डोळ्यांपुढे गाव उभे राहते आणि ‘क्सार’ ऐकताच, अरबीतला ‘कस्र’ म्हणजे राजवाडा हे कुणी सांगितलेले असल्यास, महाल उभा राहतो. दक्षिण मोरोक्कोत वस्तुस्थिती नेमकी उलट आहे: कास्बा हा वाडा, आणि क्सार हे गाव. या लेखात तिथल्या वास्तूला मी कास्बा म्हणतो आणि आपल्या गावाला कसबा, म्हणजे निदान इथे तरी घोळ होणार नाही.

कास्ब्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही, कारण ज्याने मराठवाड्यातली किंवा विदर्भातली एखादी देशमुखांची गढी पाहिली आहे त्याला तो अर्धाअधिक ठाऊक आहे. मातीच्या जाड भिंती, चौकोनी आराखडा, चार कोपऱ्यांवर चार बुरूज, तळमजल्यावर गुरे आणि अवजारे, त्यावर धान्य, त्याच्याही वर राहण्याच्या खोल्या आणि शेवटी गच्ची, एवढे सांगितले की पुरे. मालक एक घराणे, दरवाजा एक, आणि त्या दरवाजाची किल्ली एका माणसाच्या हाती.

क्सारमध्ये मात्र किल्ली कोणा एकाची नसते, आणि खरा फरक इथे आहे. क्सार म्हणजे गावकूस असलेले अख्खे गाव. भोवती तट, तटाला बुरूज, आत शिरण्यासाठी एक वेस, आणि तीही बहुधा आपल्या गडांच्या गोमुखी दरवाजासारखी वळसा घेऊन आत नेणारी, म्हणजे हल्ला करणाऱ्याला सरळ मुसंडी मारता येऊ नये. आत एकमेकांना खेटून घरे, त्यांमधून जाणारे अरुंद आणि जागोजागी माथ्यावर झाकलेले बोळ, मशीद, चौक आणि सर्वांच्या मालकीच्या काही जागा. गावाचा कारभार पाहणारी जाणत्यांची सभा असते, तिला ‘जमाअ’ म्हणतात. तटाची डागडुजी कोणी करायची, पाटाचे पाणी कोणाच्या शेताला किती वेळ जायचे, हे प्रश्न ती सभा सोडवते. कास्ब्यात असे प्रश्न उद्भवतच नाहीत, कारण तिथे घरधनी सांगेल ती पूर्व दिशा.

अरबी नावांनी जो घोळ घातला आहे तो बर्बर लोकांच्या, म्हणजे स्वतःला अमाझीघ म्हणवणाऱ्यांच्या भाषेत मुळी नाहीच. क्सारला ते ‘इघ्रेम’ म्हणतात आणि कास्ब्याला ‘तिघ्रेम्त’. शब्दाच्या आगेमागे ‘त’ जोडला की त्या भाषेत नाम स्त्रीलिंगी होते आणि बरेचदा लहानपणाचा अर्थही घेते. आपण डब्याची डबी आणि गडाची गढी करतो तीच युक्ती. तिघ्रेम्त म्हणजे छोटे इघ्रेम, एका घराण्यापुरते. मला कोणी विचारले तर सर्व माहितीपत्रकांतून अरबी शब्द काढून हे दोन शब्द छापावेत असेच मी सांगेन, पण कोणी विचारत नाही.

ऐत बेनहद्दूच्या बाबतीत तर नावातच उत्तर लिहिलेले आहे. ‘ऐत’ म्हणजे अमुकाचे लोक, अमुकाची वंशावळ. बेनहद्दूचे लोक जिथे राहतात ती जागा एकट्याचा वाडा कशी असेल? तरीही गफलत होते, आणि ती का होते हे नदीच्या अलीकडच्या काठावर उभे राहिले की कळते. समोर टेकडीच्या उतारावर तांबूस मातीची एकसंध रास दिसते; घरे, तट, बुरूज सगळे एकाच मातीचे असल्याने लांबून ती एकच प्रचंड इमारत वाटते. त्यातून नदीच्या बाजूला, अगदी समोर, नक्षीदार माथ्यांचे उंच बुरूज आहेत. हे बुरूज खरोखरच कास्ब्यांचे आहेत, कारण या क्सारमधल्या काही सधन कुटुंबांनी आपापली तिघ्रेम्ते गावातच बांधली. म्हणजे क्सारच्या पोटात कास्बे आहेत. पर्यटक त्या चार बुरुजांचे छायाचित्र काढतो, त्यालाच अख्खी वस्तू समजतो आणि मागचे गाव त्याच्या लेखी देखावा होऊन बसते.

म्हणून माझे सांगणे असे की बुरूज मोजू नयेत. बुरूज दोघांनाही असतात. त्याऐवजी एका घराण्याला ज्याची गरज पडणार नाही अशा गोष्टी शोधाव्यात. ऐत बेनहद्दूत मशीद आहे, काफिल्यांसाठी सराई आहे, तटाबाहेर मळणीची खळी आहेत, मुसलमानांची आणि यहुद्यांची अशी दोन दफनस्थाने आहेत, आणि टेकडीच्या माथ्यावर गावाच्या सामाईक धान्यकोठाराचे अवशेष आहेत. स्वतःच्या वाड्यात कोणी दोन धर्मांची दफनस्थाने राखत नाही. सहारा ते मराकेश या व्यापारी वाटेवरचे हे गाव होते आणि त्या वाटेवरून येणाऱ्या-जाणाऱ्यांमुळे ते वाढले. आज उभी असलेली बांधकामे 17व्या शतकापेक्षा जुनी मानली जात नाहीत, त्यामुळे ‘हजार वर्षांचा कास्बा’ या शब्दप्रयोगात चूक एकच नाही.

पडझडीची तऱ्हाही दोहोंची वेगळी आहे. दोन्ही मातीचे: खाली फळ्यांच्या साच्यात धुमसून घातलेली भिंत, वर कच्च्या विटांचे काम, छताला ताडखजुराची खोडे आणि बोरूंची चटई. भिंतीला हात लावला तर बोटांना काडाचे बारीक तुकडे जाणवतात आणि साच्याच्या आडव्या दांड्यांची भोके ओळीने दिसतात. अशा भिंतीला पावसाळ्यानंतर लिंपण मिळाले नाही तर ती विरघळू लागते. कास्बा घराण्याबरोबर पडतो. तेलुएतचा कास्बा हे त्याचे ठळक उदाहरण: मराकेशचा पाशा थामी एल ग्लाउई याच्या घराण्याचा हा कास्बा, आत छतांवर रंगकाम आणि भिंतींवर चकचकीत फरशांची नक्षी, 1953 साली सुलतान पाचव्या मोहम्मदाला पदच्युत करण्यात फ्रेंचांची साथ देणारा हा पाशा 1956 साली वारला, घराण्याची सत्ता संपली आणि कास्बा ओस पडला. क्सार असा एका फटक्यात जात नाही. एक कुटुंब नदीपलीकडच्या नव्या वस्तीत रस्ता आणि सोयींसाठी राहायला जाते, त्याचे छप्पर गळू लागते, आणि भिंत सामाईक असल्याने शेजारचे घरही ओल धरते. ऐत बेनहद्दूचे बहुतेक रहिवासी आज पलीकडच्या काठावर राहतात. क्सारमध्ये मोजकी कुटुंबे उरली आहेत.

बाकीचे फरक किरकोळ आहेत. रबातचा उदाया कास्बा किंवा मराकेशचा कास्बा हे शहरातले बालेकिल्ले आहेत, तिथे राजसत्ता आणि शिबंदी असे. अल्जीयर्समध्ये तर जुन्या शहरालाच कास्बा म्हणतात. ट्युनिशियाच्या दक्षिणेत क्सार म्हणजे कोनाड्यांसारख्या कोठ्यांचे सामाईक धान्यकोठार. मोरोक्कोत अशा कोठाराला ‘अगादिर’ म्हणतात, त्या नावाचे शहर प्रसिद्धच आहे. रियाद म्हणजे आत बाग असलेले शहरी घर, त्याचा या विषयाशी संबंध नाही.

हॉटेलांविषयी मात्र गप्प राहवत नाही. दादेस खोऱ्याच्या रस्त्याला पर्यटनखात्याच्या भाषेत ‘हजार कास्ब्यांची वाट’ म्हणतात आणि त्या हजारांत अलीकडे सिमेंटच्या चौकटीवर गेरूचा रंग फासून, कोपऱ्यांत पोकळ बुरूज उभारून बांधलेल्या खानावळी धरल्या जात असाव्यात, अशी मला दाट शंका आहे. आमच्या मुक्कामाच्या ‘कास्ब्या’त बुरुजाच्या आत पाण्याची प्लास्टिकची टाकी होती.

निसर्ग या वास्तूंपासून वेगळा काढून पाहता येत नाही. मराकेशहून निघून 2260 मीटर उंचीची तिझी न तिश्का ही खिंड ओलांडली की अटलास पर्वताची हिरवी बाजू संपते आणि पर्जन्यछायेतला उघडाबोडका मुलूख लागतो. महाबळेश्वर उतरून माणदेशात गेलेल्याला हा बदल ओळखीचा वाटेल, फक्त तो इथे कितीतरी अधिक कठोर आहे. या मुलखात जमीन मुबलक आणि पाणी दुर्मीळ. नदीकाठची पाटपाण्याची पट्टी एवढी मोलाची की तिच्यावर घर बांधण्याचा विचार कोणी करत नाही. वर खजुरी, त्यांच्या सावलीत डाळिंब आणि जैतून, आणि त्याखाली सातू किंवा लसूणघास, असे तीन मजली शेत तिथे उभे असते. म्हणून क्सार नेहमी त्या हिरव्या पट्टीच्या कडेला, जिथे काहीच पिकणार नाही अशा खडकाळ उतारावर चढलेला दिसतो, आणि माती तिथलीच असल्याने तो डोंगरातून उगवल्यासारखा भासतो. द्रा नदीच्या खोऱ्यात अग्द्झपासून पुढे ही हिरवी पट्टी आणि तिच्या कडेचे क्सार सलग पाहायला मिळतात. वार्झाझातजवळ 1972 साली मन्सूर एद्दहबी धरण झाले, त्यानंतर खालच्या टोकाला पाणी क्वचितच पोचते.

ज्यांच्याकडे एकच दिवस आहे त्यांनी सकाळी, बस येण्यापूर्वी, ऐत बेनहद्दूच्या वेशीतून शिरून बुरुजांपाशी न रेंगाळता थेट माथ्यावरच्या कोठारापर्यंत चढावे, आणि खाली पाहत कास्बे कुठले आणि साधी घरे कुठली ते ओळखावे. मग दुपारी वार्झाझातवरून पुढे स्कूराच्या खजूरबनातला अम्रिदिल कास्बा गाठावा, जो अजूनही मूळ घराण्याच्या वंशजांकडे आहे. तिथे शिरताच चौकात घरची तेलघाणी दिसते, भाकऱ्या भाजण्याच्या मातीच्या भट्ट्या दिसतात, आणि मशीद कुठे आहे असे विचारल्यावर दाराशी बसलेला माणूस हात लांब करून बाहेर, खजुरीपलीकडच्या गावाकडे बोट दाखवतो.