विद्यार्थ्यांचे संशोधन प्रकल्प: पार्श्वभूमी

नव्या शैक्षणिक धोरणानुसार संशोधनासह ऑनर्स पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या वर्षी १२ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) प्रकल्प करावा लागतो. महाराष्ट्रात पदव्युत्तर वर्गांना पहिल्या सत्रात संशोधन पद्धतीचे ४ श्रेयांक आहेत, शिवाय तिसऱ्या सत्रात ४ आणि चौथ्या सत्रात ६ श्रेयांकांचा प्रकल्प आहे. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असो की समाजशास्त्राचा विद्यार्थी, ही वाट दोघांनाही चुकत नाही. पण विद्यार्थ्याच्या हातून संशोधन करून घ्यायचे, ही कल्पना या धोरणापेक्षा कितीतरी जुनी आहे. ती कुठे रुजली आणि कुठे वठली, हे पाहिले की आजच्या अडचणींचे मूळही सापडते.

सुरुवात करायची तर जर्मनीतल्या गीसेनपासून. १८२४ साली युस्टुस फॉन लीबिग हा २१ वर्षांचा रसायनशास्त्रज्ञ तिथे प्राध्यापक झाला आणि त्याने विद्यार्थ्यांना थेट प्रयोगशाळेत घेतले. याला खरा वेग आला तो १८३१ मध्ये, काचेच्या पाच फुग्यांच्या एका साध्या नळीमुळे. तोपर्यंत सेंद्रिय पदार्थातला कार्बन मोजायचा तर तो जाळून निघालेला वायू गोळा करायचा, त्याचे आकारमान मोजायचे आणि तापमान व दाबाची दुरुस्ती करायची, असा व्याप होता. ते सराईत हाताचेच काम होते. लीबिगच्या नळीत पोटॅशचे द्रावण असे. कार्बन डायऑक्साइड त्यात शोषला जाई. नळी आधी तोलायची, नंतर तोलायची, आणि वजनातल्या फरकावरून कार्बन काढायचा. हे शिकाऊ मुलालाही जमू लागले. विद्यार्थी-संशोधनाच्या इतिहासात या नळीचे महत्त्व कोणत्याही शैक्षणिक सिद्धांताइतकेच आहे, असे आम्हाला वाटते. साधन स्वस्त, पक्के आणि नवख्याच्या हाताला झेपणारे असेल, तरच वर्गातला प्रत्येक जण खरे मोजमाप करू शकतो.

भारतात मात्र गाडी वेगळ्या रुळावरून निघाली. १८५७ मध्ये मुंबई, कोलकाता आणि मद्रास विद्यापीठे स्थापन झाली ती लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, म्हणजे परीक्षा घेणारी आणि पदव्या देणारी. शिकवणे महाविद्यालयांकडे आणि शोध घेणे कोणाकडेच नाही, अशी ती विभागणी होती. १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना स्वतः शिकवण्याचा आणि संशोधनाला वाव देण्याचा मार्ग खुला केला. प्रकल्प म्हणजे परीक्षेला जोडलेले शेपूट, ही जी समजूत आपल्याकडे अजून टिकून आहे, तिची मुळे त्या पहिल्या ४७ वर्षांत आहेत.

सामाजिक शास्त्रांत या बदलाचा सर्वांत सुंदर परिणाम मद्रासला दिसला. १९१५ मध्ये गिल्बर्ट स्लेटर तिथे भारतीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून आले. त्यांनी विद्यार्थ्यांना प्रश्नावली दिली आणि सुटीत आपापल्या माहितीच्या गावाची पाहणी करायला पाठवले. जमीन कोणाकडे किती, मजुरी धान्यात मिळते की पैशात, कर्ज कोणाचे, अशा चौकशा त्या मुलांनी केल्या. त्यांची टिपणे १९१८ मध्ये पुस्तकरूपाने छापली गेली. पुढे जे घडले त्यासाठी ही गोष्ट सांगायला हवी. १९३६-३७ मध्ये मद्रास विद्यापीठाच्याच अभ्यासकांनी त्या गावांची फेरपाहणी केली. १९६१ मध्ये पुन्हा, १९८० च्या दशकात पुन्हा. त्यातल्या इरुवेलपट्टू या गावाची पहिली पाहणी १९१६ ची, तिथे तर २००८ मध्येही अभ्यासक गेले. एका विद्यार्थ्याचे सुटीतले काम ९२ वर्षांच्या तुलनेचा पाया ठरले, कारण कोणते गाव, कोणते साल आणि कोणत्या मापात, हे त्याने लिहून ठेवले होते.

त्याच सुमारास पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करत होते. ते विद्यार्थ्यांचे काम नव्हते, पण महाराष्ट्रातल्या ग्रामपाहणीला त्याने नमुना घालून दिला. जुनी दप्तरे आणि नवी मोजणी शेजारी ठेवून त्यांनी दाखवले की, १७७१ मध्ये सरासरी ४० एकर असलेले शेतजमिनीचे खाते १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आले होते. आज त्या शिवारात उंच इमारती उभ्या आहेत. तिथे प्रकल्प करणाऱ्याला शंभर वर्षांपूर्वीचा आकडा आयता हाताशी आहे.

मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये अर्थशास्त्र आणि समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली प्रबंध लिहून एम. ए. करण्याची पद्धत तिथे रुळली. इरावती कर्वे त्याच वाटेने आल्या. विज्ञानाचे दार मात्र सगळ्यांना सारखे उघडे नव्हते. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने घेऊन बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा स्त्री म्हणून त्यांना आधी नकार मिळाला. हट्ट धरल्यावर पहिले वर्ष परीक्षणाखाली काढण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम करून त्यांनी १९३६ मध्ये एम. एस्सी. पूर्ण केले. प्रकल्प कोणाला करू दिला जातो, हा प्रश्नही या इतिहासाचाच भाग आहे.

शाळेत प्रकल्प आला तो बराच नंतर. मुंबईतल्या विज्ञान शिक्षकांच्या संघटनेने १९८१ मध्ये सुरू केलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षेच्या पुढच्या टप्प्यावर कृतिसंशोधन प्रकल्प असतो. १९९३ पासून देशभर भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेने १० ते १७ वर्षांच्या मुलांना आपल्या परिसरातला प्रश्न घेऊन गटाने काम करायला लावले. विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी कुलपतींच्या पुढाकाराने २००६ मध्ये ‘आविष्कार’ हे आंतरविद्यापीठ संशोधन संमेलन आले. मानव्यविद्या, वाणिज्य, शुद्ध विज्ञान, शेती, अभियांत्रिकी आणि औषधशास्त्र अशा सहा गटांतली मुले तिथे आपापली भित्तिपत्रके घेऊन एका छताखाली उभी राहतात.

याच काळात उलटा प्रवाहही सुरू झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या आदेशानंतर पर्यावरण हा विषय हळूहळू सक्तीचा झाला आणि त्याबरोबर प्रत्येकाला प्रकल्प आला. हेतू उत्तम होता. पण वर्गात शंभर-सव्वाशे मुले, मार्गदर्शक एक आणि गुण वहीच्या देखणेपणावर. मग स्टेशनरीच्या दुकानात तयार प्रकल्प मिळू लागले आणि मुलांचे नदी पाहणेच सुटले.

जी मुले नदीवर जातात तीही काही ठरावीक ठिकाणी चुकतात. पाण्यातला विरघळलेला प्राणवायू मोजायची विंकलर पद्धत १८८८ पासून चालत आली आहे आणि अजूनही महाविद्यालयात परवडते. ३०० मिलीलीटरची काचेची बाटली बुडबुडा न राहू देता काठोकाठ भरायची आणि जागेवरच मँगेनीज सल्फेट व अल्कली-आयोडाइडचे द्रावण प्रत्येकी साधारण २ मिलीलीटर घालून प्राणवायू ‘बांधायचा’. तपकिरी साका आला तर प्राणवायू आहे, पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. मुले हे न करता अर्धी भरलेली प्लॅस्टिकची बाटली बसमधून प्रयोगशाळेत नेतात. वाटेत बाटलीतली हवा पाण्यात मिसळते, सांडपाण्यातले जंतू प्राणवायू खातात, आणि जो आकडा येतो तो नदीचा नसतो. मातीचेही तसेच. बांधालगत, उकिरड्याजवळ किंवा नुकतेच खत टाकलेल्या जागी नमुना घ्यायचा नाही. आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’च्या आकाराचा, १५ ते २० सेंटीमीटर खोल खड्डा घेऊन बाजूची माती खरवडायची, एकत्र करायची आणि चार भाग करत समोरासमोरचे दोन टाकत अर्ध्या किलोवर आणायची. एकाच खड्ड्यातली माती शेताबद्दल काहीच सांगत नाही.

सामाजिक पाहणीतला दोष याहून लपलेला असतो. समजा, वाडीत २४० घरे आहेत आणि ४० निवडायची आहेत. मग १ ते ६ मधून चिठ्ठीने एक आकडा काढायचा आणि तिथून दर सहावे घर घ्यायचे. इथवर बहुतेक जण ठीक करतात. कुलूप दिसले की मात्र शेजारच्या घरात शिरतात. दिवसा कुलूप असते ते मजुरीला गेलेल्यांच्या दाराला, म्हणून नमुन्यातून नेमके तेच गळतात. त्याच घरी संध्याकाळी, निदान दोनदा, परत जायला हवे. ‘वार्षिक उत्पन्न किती?’ या प्रश्नाला अंदाजी उत्तर मिळते. पीक, मजुरी, दूध, बाहेरगावाहून येणारे पैसे असे तुकड्याने विचारले तर बेरीज खऱ्याच्या जवळ जाते. मोबाइलवरून फिरवलेला फॉर्म हा मित्रांचा नमुना असतो. तो वापरायला हरकत नाही, पण त्यावरून ‘युवकांचे मत’ असा मथळा देता येत नाही.

नव्या रचनेत एक अडचण मात्र विद्यार्थ्याच्या हातातली नाही, ती पंचांगाची आहे. प्रवेश जुलैत होतात, विषयाला मान्यता मिळेपर्यंत दिवाळी येते आणि मोजणी जानेवारीत होते. विहिरींवरचा प्रकल्प असेल तर पावसाळ्यापूर्वीची, मे महिन्यातली पातळी त्यात कधीच येत नाही. राज्याची भूजल यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते, ती याचसाठी. विभागाने एकच विषय चार-पाच वर्षे चालू ठेवला आणि एका तुकडीची वही पुढच्या तुकडीच्या हाती दिली, तर हे जमते. त्या वहीत विहिरीचे अक्षांश-रेखांश हवेत, मोजणीची तारीख आणि वेळ हवी, आदल्या दिवशी पंप चालू होता का ते हवे, आणि फीत कठड्याच्या कोणत्या दगडावरून खाली सोडली हेही हवे. त्या दगडावर तेलरंगाची एक खूण केली की पुढच्या वर्षी येणारा विद्यार्थी तिथूनच मोजतो.