विचारल्यानं मनात येत नाही

आमच्याकडे पारावर एक समज पक्का आहे: खचलेल्या माणसासमोर आत्महत्येचं नावही काढू नये, नसलेलं डोक्यात भरतं. म्हणून कपाशी हातची गेलेल्याला आपण 'जेवला का बाप्पा?' एवढंच विचारतो आणि खरा प्रश्न चहासोबत गिळतो.

हा समज खोटा आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांत २,३४२ मुलांवर केलेला प्रयोग २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल थेट विचारलं, निम्म्यांना नाही. दोन दिवसांनी पाहिलं, तर विचारलेल्यांत तसे विचार वाढलेले नव्हते. उलट आधीपासून नैराश्यात असलेली मुलं विचारल्यावर जरा कमी अस्वस्थ दिसली. २०१४ साली अशा अभ्यासांचा आढावा निघाला, त्याचाही निष्कर्ष तोच.

ती तिकडची शाळकरी पोरं, आपलं काय, असं कोणी म्हणेलच. तर अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' प्रकल्पानं गावपातळीवरच नैराश्याबद्दल बोलणं काढलं. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे आधी ४.३ टक्के होते. १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत २७.२ टक्के.

विचारायचं कसं? चारचौघांत नाही, बांधावर. "भाऊ, जगूच नये असं वाटते का कधी?" आणि मग गप्प बसायचं. हेच अवघड, कारण आपल्याला लगेच 'असं बोलू नोको' म्हणायची घाई असते. 'हो' म्हणाला तर एकटं सोडू नका. तिथूनच १४४१६ लावा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, रात्रीही चालतो.